शेवटचा माणूस उठेपर्यंत

हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. इथे लिहितोय कारण इथे मला कोणी ओळखत नाही... आणि ज्या एका माणसाला हे आधी कळायला हवं, ते माणूस असलं काही वाचत नाही. नावं बदलली आहेत. बाकी एक शब्द बदललेला नाही.

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. माझा धंदा साउंडचा. हळदी, लग्नं, साखरपुडे, जत्रा — अलिबागपासून रेवसपर्यंत स्पीकर आणि जनरेटर टेम्पोत टाकून फिरण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. आमच्या धंद्यात दर सीझनला कोणीतरी सांगतंच, "शेठ, स्पीकरमधून बाई रडल्याचा आवाज आला." जाऊन बघावं तर अर्थिंग नीट नसतं, नाहीतर केबल कुठेतरी चेपलेली असते. मी पोरांना सांगायचो, भुताचं खरं नाव अर्थिंग. वायर तपासा, भूत जातं.

या वेळेला मी सगळ्या वायरी तपासल्या. म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव रेवस धक्क्याच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. पूर्वी घरटी मिठागर आणि भातशेती, आता कोणाचे डंपर आहेत, कोणाकडे किहीमच्या बंगल्यांची देखभाल. रस्त्याच्या एका बाजूला माझं स्लॅबचं घर, समोर माझं पत्र्याचं गोडाऊन, आणि विहिरीच्या पलीकडे हिरादादाचं कौलारू घर. हिरादादा माझा नात्याने कोणी नव्हता. पण मला जे काही येतं ते त्याच्यामुळे येतं. तो माझ्याहून बराच मोठा, जहाजावर लाँड्रीत कामाला होता. जगातली बंदरं फिरला. बाकीचे खलाशी सुट्टीवर येताना सेंट, टू-इन-वन, साड्या आणायचे. हा आणायचा रेकॉर्ड. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा त्याच्या आईने एक रेकॉर्ड हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि विचारलं, "यावर भाकर भाजू का रं मी?" गावात पुढे कितीतरी वर्षं त्याचं नाव 'तवेवाला' होतं.

त्या रेकॉर्ड कसल्या ते थोडं सांगायला हवं. डिस्को सगळ्यांना माहीत आहे. पण डिस्कोची फॅशन गेल्यावर तिकडे काही वर्षं एक वेगळंच संगीत निघालं. थोडं संथ, बासची जाड रेघ, टाळ्या, वर सिंथेसायझर. त्याला बूगी म्हणतात. मग ड्रम मशीन आलं, यंत्रातून बोलणारे गळे आले, ते इलेक्ट्रो-फंक. लहान लहान कंपन्यांनी मोजक्या प्रती काढल्या, त्या चालल्या नाहीत, दुकानदारांनी दाराबाहेर खोक्यात टाकून दिल्या. हिरादादा बंदरात उतरला की त्या खोक्यांत हात घालून बसायचा. आज जगभरचे लोक ज्या रेकॉर्डसाठी तडफडतात, त्या आमच्या गावात मासळीच्या बर्फाच्या पेट्यांमध्ये होत्या. पेटीचं झाकण घट्ट, खारी हवा आत जात नाही. कव्हरांना मात्र बोंबलाचा वास कायमचा.

रविवारी दुपारी जेवणं झाली की दादा पडवीत दोन टर्नटेबल मांडायचा. तो मध्ये, मी बाजूला रेकॉर्ड पुसायला, सुगंधा वहिनी — म्हणजे त्याची बायको — झोपाळ्यावर. झोपाळ्याची एक कडी करकरायची. दादा तिला तेल घालू द्यायचा नाही. म्हणायचा, "ती टायमात वाजते. ऱ्हाऊ दे."

त्याच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

एक. लाँड्रीच्या प्रेसमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक गेलं होतं. आमच्याकडे व्होल्टेज पडलं की टर्नटेबल मंद व्हायचं, आणि दुसऱ्या रेकॉर्डशी ताल जुळवायला त्याला फिरती रेकॉर्ड बोटाने पुढे ढकलायला लागायची. पण बोटाला टोक नाही, म्हणून पहिला धक्का निसटायचा, दुसरा लागायचा. त्याचं मिक्सिंग ऐकताना तो जोडधक्का ऐकू यायचा. अडखळून सावरल्यासारखा. जगात दुसऱ्या कोणाच्या हाताला तसं जमणार नाही.

दोन. शेवटचं गाणं संपलं की तो सुई उचलायचा नाही. रेकॉर्डच्या शेवटी रिकामी चर असते, तिच्यात सुई फिरत राहते. ठक्... खरखर... ठक्... खरखर. मी सुरुवातीला सुई उचलायला हात पुढे केला तर दादाने हातावर चापट मारली. "पंगतीत शेवटचा माणूस उठायच्या आधी पान उचलतंस का तू? तुज्या आयशीनं हे शिकवलाय?" म्हणजे ऐकायला आलेल्यांतला शेवटचा माणूस उठून जाईपर्यंत सुई फिरत राहणार. मी मुद्दाम बसून राहायचो. दादा पण बसायचा. वहिनी ओरडायच्या, "अरे रम्या, ऊठ की मेल्या, माझी भांडी पडलीत!"

शेवटी लावायची रेकॉर्डही ठरलेली. नुसतं पांढरं लेबल, त्यावर ना नाव ना गाव. सुरुवातीला एक बाई हसते, खालच्या आवाजात, मग बास येतो. वहिनी त्या रेकॉर्डला 'माझी सवत' म्हणायच्या. "लावा, लावा तुमची हसणारी. कोणत्या बंदरात भेटली कोण जाणे!" दादा नुसता हसायचा.

आता मूळ गोष्ट.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा तोंडावर असताना, दादा पेट्या घेऊन माझ्याकडे आला. घराची कौलं काढायची होती. "तुजा स्लॅब हाय. पावसाळ्यापुरत्या ठेव. दसऱ्याला नेतो." मी माळ्यावर ठेवल्या. त्याच दिवसांत किहीमला एका बंगल्यात मुंबईच्या लोकांची पार्टी होती. "काहीतरी वेगळं लाव ना," म्हणाले. मी दोन पेट्या सोबत नेल्या होत्या. दादाला विचारलं नव्हतं. लावल्या... आणि ती माणसं वेडी झाली. त्यांच्यातल्या एका मुलीने मला ऑनलाइन पेज काढून दिलं. मी रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घ्यायचो, तिथेच एकाला एक जोडून तासाभराचा मिक्स करायचो आणि टाकायचो. मुंबईहून येणारी शेवटची लाँच रेवसला लागायच्या सुमाराला टाकायचो, म्हणून पेजचं नाव 'लास्ट लाँच'. बघता बघता स्कॉटलंड, जपान, ब्राझील... कुठून कुठून कमेंट यायला लागल्या. हे गाणं कोणतं, ते कुठे मिळालं. परदेशातल्या एका ऑनलाइन रेडिओने माझी मुलाखत घेतली. कलेक्शन कसं जमवलं असं विचारलं. मी म्हणालो, चोर बाजारात, वर्षानुवर्षं हिंडून.

हळद वाजवणाऱ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'सर' म्हणत होतं. समर्थन करत नाही. फक्त सांगतोय.

दसरा आला, गेला; कॉम्प्युटरवर घेणं संपलं की देतो, असं दादाला सांगत मी पेट्या ठेवूनच घेतल्या. मग ते चक्रीवादळ आलं. आमच्याकडच्या माणसाला ते सांगायला नको. सुपारीच्या बागा आडव्या, नारळ मधोमध मोडलेले, विजेचे खांब रस्त्यात. माझ्या गोडाऊनचे पत्रे उडाले, स्पीकर चिखलात गेले. हे खरं आहे. रेकॉर्ड मात्र समोर माझ्या घरात माळ्यावर कोरड्या ठणठणीत होत्या. हेही खरं आहे.

दादाच्या पडवीवर फणस पडला होता. पडवी गेली, झोपाळा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फांद्या ओलांडत ओलांडत माझ्याकडे आला. तेव्हा त्याची फुफ्फुसं अधू झाली होती, चार पावलं टाकली की थांबायचा. स्वतःच्या घरात आभाळ दिसतंय आणि हा आधी माझ्याकडे आला. गोडाऊनसमोर उभा राहिला.

"रम्या... पेट्या?"

"दादा," मी म्हणालो, "कॉम्प्युटरवर घ्यायला आदल्या दिवशीच गोडाऊनमध्ये आणल्या होत्या. गेल्या सगळ्या."

तो वर बघत राहिला, जिथे पत्रे होते तिकडे. मग म्हणाला, "तू बरा हायस ना? पोरं?"

"हो."

"मंग झाला. रेकॉर्ड काय, तवं व्हतं ते." थोड्या वेळाने, अगदी हळू — "एकादी तरी घावली का रं? तुकडा असला तरी चालंल."

मी त्याला चिखलाने भरलेली, कड तुटलेली एक रेकॉर्ड दिली. त्याने ती शर्टाने पुसली, लेबल बघितलं आणि काखेत धरून घरी गेला. त्या रेकॉर्डबद्दल पुढे सांगतो. आत्ता लिहायला घेतलं तर पुढचं लिहून होणार नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दादा गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की त्याची गाणी पाण्यात गेली. आजारपणात मी भेटायला जायचो, तेव्हा तो इतरांना सांगायचा, "या पोराचं लय नुकसान झाला वादळात." माझं!

बाराव्याच्या नंतर काही दिवसांनी मी नवा मिक्स केला. भरदुपारी, घरात, नेहमीसारखा. शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठोका, आणि तिथेच कापलं. मी नेहमी तिथेच कापतो. संध्याकाळी टाकला, सकाळी कमेंट बघितल्या. हॉलंडचा एक नेहमीचा माणूस होता, त्याने लिहिलं होतं: शेवटची रिकामी चर तशीच ठेवलीत, फार आवडलं. कोणीतरी आपल्याला घाई करत नाही असं वाटलं.

मला कळेना. ऑनलाइन ऐकलं. गाणं संपलं आणि... ठक्... खरखर... ठक्... खरखर.

लॅपटॉपवरची माझी फाइल उघडली. तिथे काही नाही. गाणं संपतं, फाइल संपते. ऑनलाइनची काढून टाकली, पुन्हा चढवली. पुन्हा तेच. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून चढवली, अलिबागला सायबर कॅफेत जाऊन चढवली. तेच. म्हटलं, त्या साइटचा काहीतरी लोचा असेल. धंद्यातला माणूस आधी हेच म्हणतो.

पुढच्या मिक्सला ती ठकठक आधीपेक्षा जास्त वेळ चालली. त्याच्या पुढच्याला आणखी.

किहीमला कार्तिक म्हणून एक जण राहतो. मुंबईत सिनेमाच्या साउंडचं काम केलेला, आता तिथेच स्टुडिओ बांधलाय. कान एकदम तयार. मी त्याला फक्त ऑनलाइनचा मिक्स दिला आणि म्हटलं, शेवट जरा बघ. बाकी काही सांगितलं नाही. त्याने स्क्रीनवर आवाजाच्या लाटा उघडल्या. बाहेर ऊन रणरणत होतं, नारळ पाडणारा झाडावरून खाली ओरडत होता. भीती वाटावी असं काहीही नव्हतं.

"रमाकांत, हे तू कॉम्प्युटरवर जोडतोस ना?"

"हो. सिंकवर. ताल प्रोग्रामच जुळवतो."

"थापा नको मारू यार. हे बघ." त्याने बोट ठेवलं. "ही जागा... आणि ही. हाताने ढकललंय. सिंक असं करत नाही. आणि गंमत बघ, दर वेळी दोनदा. पहिला धक्का बसतच नाही. बोटाला काही झालंय का तुझ्या?"

मी माझा हात टेबलाखाली घेतला. का घेतला, माहीत नाही. माझी बोटं धड आहेत.

"आणि शेवट," तो म्हणाला, "हा एकच तुकडा पुन्हा पुन्हा चिकटवलेला नाही. प्रत्येक फेरा वेगळा आहे. खोलीत माइक लावून घेतल्यासारखा. थांब, आवाज वाढवतो."

ठक्... खरखर... आणि त्याच्या मागे, फार बारीक, करकर. टायमात.

"हे काय आहे? बिजागरी?" कार्तिकने विचारलं.

मी म्हणालो, "झोपाळ्याची कडी."

"छान पकडलीस."

तो झोपाळा फणसाखाली सापडून मोडला होता. त्याच्या कड्या वहिनींनी भंगारवाल्याला दिल्या तेव्हा मी स्वतः तिथे उभा होतो.

घरी येऊन ठरवलं, एकदा छडा लावायचा. नवा मिक्स केला. त्यात दादाची एकही रेकॉर्ड घेतली नाही. सगळी गाणी विकत घेतलेल्या डिजिटल फाइल्स. सुई नाही, चर नाही, टर्नटेबल नाही. पेट्यांना हात लावला नाही. मनीषा, माझी बायको, चहा घेऊन आली आणि म्हणाली, "कपाळाला घाम आलाय तुमच्या. बरं नाही का?" म्हटलं, उकडतंय. मिक्स चढवला. ऐकायची हिंमत झाली नाही. सकाळी फक्त कमेंट उघडल्या. पहिलीच कमेंट — आजवरचा सगळ्यात सुंदर. हाताने केलेलं कळतं. शेवटचं गाणं कोणतं, ज्यात ती बाई हसते?

मी लॅपटॉप मिटला. त्या दिवशी दोन हळदी होत्या, दोन्हीकडे पोरांना पाठवलं.

दोन-तीन दिवस गेले असतील. फोन आला. वहिनी.

"रमाकांत, येतंस का जरा? प्राची आलीय. काय तरी ऐकवायचाय तुना."

प्राची म्हणजे त्यांची मुलगी, लग्न होऊन उलव्याला असते. मी गेलो. दुपारची वेळ. नव्या पत्र्याच्या पडवीत वहिनी चिंचा फोडत बसल्या होत्या, समोर सूप, बाजूला शेजारच्या दोघी जणी चिंचोके काढायला. मला पाट दिला. मी बसलो आणि हाताला काहीतरी काम हवं म्हणून चिंच सोलायला घेतली.

"काका, गंमत सांगू?" प्राची म्हणाली. "ऑफिसमधल्या एकाने मला हे पाठवलं. म्हणाला, तुमच्या रेवसचा कोणीतरी डीजे आहे, जगात फेमस आहे. मी सहज लावलं तर आई आतून धावत आली. भाकरी तव्यावर टाकून!"

"भाकर करपली," शेजारीण म्हणाली. "आमी वासानं आलो."

"गप बाय तू," वहिनी हसल्या. मग माझ्याकडे वळल्या. चिंचेने चिकट झालेले हात तसेच वर धरून. "रमाकांत, ह्ये ह्यांनी लावलेला हाय. व्हय की न्हाय? तू सांग. तू बाजूला बसायचास."

"वहिनी, ते..."

"मना शिकवू नको. इतकी वर्सं आयकलाय मी. हात लागतो न लागतो... तसा दुसरा कोण लावतो?" त्यांनी प्राचीला खूण केली. "लाव गं, शेवटचा लाव."

प्राचीने फोन पाटाजवळ ठेवला. शेवट लावला. एक गाणं हळूहळू मागे सरलं, एकदा अडखळलं, सावरलं... आणि ती बाई हसली. खालच्या आवाजात. मग बास.

"माझी सवत," वहिनी म्हणाल्या.

आणि मान वळवून त्यांनी भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. मला बघायचं नव्हतं. भिंतीवर दादाचा फोटो, हार, आणि फोटोच्या खाली खिळ्याला अडकवलेली ती रेकॉर्ड. पांढरं लेबल चिखलाने तपकिरी पडलेलं, कड तुटलेली.

आता त्या रेकॉर्डचं सांगतो.

वादळात ती गेली नव्हती. वादळ थांबलं त्या रात्रीच मी ठरवलं होतं काय सांगायचं ते. 'तोंडातून निघून गेलं' असं मी स्वतःला इतके दिवस सांगत आलो. निघून गेलं नव्हतं. विचार करून ठेवलं होतं. पण एकही तुकडा सापडला नाही असं कसं पटेल? म्हणून पहाटे मी माळ्यावर चढलो, पेटीतून एक रेकॉर्ड काढली, चिखलात टाकली आणि पत्र्याखाली घालून पाय दिला. पांढऱ्या लेबलचीच का काढली? कारण दादा ती बघताक्षणी ओळखणार होता. ओळखली की बाकीच्यांबद्दल विचारणार नव्हता. आणि तसंच झालं.

ती रेकॉर्ड तोवर कॉम्प्युटरवर घ्यायची राहिली होती, आणि वादळानंतर गावात कित्येक दिवस वीज नव्हती, माझा जनरेटर चिखलात होता. त्यामुळे मोडण्याआधी ती कॉम्प्युटरवर घेताच आली नाही. त्या रेकॉर्डची माझ्याकडे प्रत नाही. कोणाकडेच नाही, असं मला वाटतं. मी नंतर पुष्कळ शोधलं. आणि भिंतीवर ती जशी आहे तशी कोणत्याही टर्नटेबलवर वाजू शकत नाही. मी दिलेला पाय मला आठवतो.

आणि ती समोर वाजत होती. पूर्ण. एकही ओरखडा नाही.

"रमाकांत," वहिनींचा आवाज अगदी साधा होता, "समदा पाण्यात गेला ना रे? मग ह्ये कुठून आला?"

आजही सांगतो, त्या क्षणी सगळं सोपं होतं. वहिनी रागावलेल्या नव्हत्या. प्राची हसत होती. एक वाक्य बोलायचं होतं.

मी म्हणालो, "जुनी कॅसेट होती वहिनी. दादाने कधीतरी रेकॉर्ड केलेली. परवा घर आवरताना सापडली."

दुसऱ्यांदा. त्याच्या फोटोखाली बसून.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "देव तुझा भला करो," त्या म्हणाल्या. "कॅसेट मना नको, तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. ह्यांचा जीव होता तुझ्यावर. फोनात हाय तेवढा मना पुरे."

गाणं संपलं. ठक्... खरखर... ठक्... खरखर. मागे करकर.

शेजारणींनी सूप उचललं, निघाल्या. प्राचीने फोनकडे हात नेला. वहिनींनी तिच्या हातावर चापट मारली — थेट तशीच. "थांब गं. पान उचलू नये. बसलाय ना कोण तरी अजून."

प्राचीने इकडे तिकडे बघितलं. पडवीत बसलेला मी एकटाच होतो. वहिनी तर उठून झोपाळा असायचा त्या जागी उभ्या होत्या.

माझ्या हातातली चिंच कधीची सोलून झाली होती. मी उठलो. म्हटलं, येतो वहिनी, काम आहे. मला वाटलं होतं, मी उठलो की ते थांबेल. अंगणातून बाहेर आलो, विहिरीपर्यंत आलो. भर उन्हात, रस्त्यावर डंपर जात असताना, मला मागून ती ठकठक ऐकू येत होती. फोनचा आवाज विहिरीपर्यंत पोचत नाही. साउंडवाला आहे, मला माहीत आहे किती आवाज कुठपर्यंत जातो.

घरी येऊन मी ते पेज कायमचं बंद केलं. सगळे मिक्स काढून टाकले. कार्तिकला विचारलं, तुझ्याकडे उतरवून घेतलेली फाइल आहे ना? त्याने उघडली. त्याच्या फाइलमध्ये धक्के नाहीत, झोपाळा नाही, ठकठक नाही. गाणं संपतं तिथे फाइल संपते. "मी त्या दिवशी काय ऐकलं मग?" तो मलाच विचारत होता. मी त्याला म्हटलं, अर्थिंग असेल. तो हसला नाही.

आता फक्त वहिनींच्या फोनमध्ये ते उरलं आहे. प्राचीने तिथे उतरवून ठेवलंय. वहिनी दुपारी जेवण झालं की लावतात. परवा प्राचीचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काका, एक विचारू? आई म्हणते शेवटची ती ठकठक रोज थोडी वाढतेय. फाइल अशी आपोआप मोठी होते का हो?"

मी म्हटलं, नाही होत.

"हो ना. मी पण तेच म्हटलं. आई म्हणते, वाढू दे. उठायचा तेव्हा उठेल. कोण उठेल, विचारलं तर काही सांगत नाही."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. ज्याला यातलं तांत्रिक कळतं त्याने जरूर सांगावं, मी ऐकेन. मी स्वतः सगळ्या बाजूंनी विचार केला आणि दमलो. वहिनींना काय कळलंय आणि किती कळलंय, तेही मला माहीत नाही. रस्त्यात भेटल्या की पूर्वीसारख्याच बोलतात. "जेवलास का रं?" एवढंच.

गेल्या आठवड्यात मी पेट्या माळ्यावरून उतरवल्या, टेम्पोत ठेवल्या आणि विहिरीपर्यंत गेलो. वहिनी पडवीत होत्या. मी गाडी वळवली आणि परत आलो. पेट्या पुन्हा माळ्यावर आहेत.

त्या पेट्या सुगंधा वहिनींच्या आहेत. त्या मला परत द्यायच्या आहेत. आणि रेकॉर्ड पाण्यात गेल्या नव्हत्या, भिंतीवरची ती मी माझ्या पायाने मोडली, हे मला त्यांच्यासमोर बसून सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहे.